टक्का किती यापेक्षा टक्का कशाचा? घटनादुरुस्ती आणि सरकारी तिजोरी

उपकलम (धागाकर्ता)

विकसनशील देशात नव्या घटनेची किंवा मोठ्या घटनादुरुस्तीची मागणी उठली की तिच्यात आकडे येतातच. स्थानिक सरकारांना महसुलाचे इतके टक्के, शिक्षणाला इतके, परकीय मालकी जास्तीत जास्त इतकी. आकडा सभेत सांगता येतो, फलकावर लिहिता येतो, म्हणून सगळी ताकद त्यावर खर्च होते. पण वेगवेगळ्या देशांच्या घटना शेजारी ठेवून वाचल्या की गळती दुसरीकडेच दिसते.

फिलिपिन्स घ्या. १९८७ च्या घटनेच्या दहाव्या भागातले कलम ६ सांगते की स्थानिक सरकारांना 'राष्ट्रीय करां'त न्याय्य वाटा मिळेल आणि तो आपोआप त्यांच्या खात्यात जाईल. १९९१ च्या स्थानिक शासन संहितेने हा वाटा ४० टक्के ठरवला. कशाचे ४० टक्के? 'अंतर्गत महसुला'चे. या एका शब्दाने सीमाशुल्क खाते बंदरांवर गोळा करते ते कर हिशेबाबाहेर गेले, आयातीवरचा व्हॅटसुद्धा. हे घटनेला धरून नाही असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले आणि वाढीव पैसा २०२२ पासून मिळू लागला. संहितेने अरुंद केलेला पाया (ज्या रकमेवर टक्का मोजतात ती) रुंद व्हायला तीस वर्षे गेली.

भारतात चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ४२ टक्के केला, पंधराव्याने ४१. पण कलम २७० प्रमाणे उपकर (सेस) आणि अधिभार (सरचार्ज) विभाज्य निधीत, म्हणजे केंद्र-राज्यांत वाटायच्या रकमेत, धरत नाहीत. म्हणजे टक्का सुचवतो आयोग आणि पाया राहतो केंद्राच्या हातात. मूळ दर वाढवण्याऐवजी उपकर लावला की तो पैसा वाटणीत येतच नाही.

केनियाच्या २०१० च्या घटनेत कलम २०३ ने ४७ काउंट्यांना (तिथल्या स्थानिक सरकारांना) राष्ट्रीय महसुलाच्या किमान १५ टक्के रकमेची हमी दिली. लगेच पुढचे उपकलम म्हणते की हा हिशेब राष्ट्रीय सभेने मंजूर केलेल्या, सर्वांत ताज्या लेखापरीक्षित आकड्यांवर होईल. लेखे मंजूर करायला सभागृह जितका उशीर लावेल तितका पाया जुना होत जातो.

तेव्हा चर्चेसाठी प्रश्न असा: घटनेत नेमके काय लिहावे आणि साध्या कायद्यावर काय सोडावे? माझे मत: पायाची व्याख्या, हप्त्याची तारीख, पैशाचा मार्ग आणि एकमत झाले नाही तर काय, या चार गोष्टी घटनेत हव्यात. टक्का कायद्यात असला तरी चालेल.

---

ताळेबंद

केनियाच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो, कारण जुन्या पायाचा फटका किती मोठा असतो हे सहसा मोजले जात नाही.

समजा महसूल चालू किमतींत दरसाल १२ टक्के वाढतो आहे. महागाई आणि वाढ मिळून विकसनशील देशात हे काही जगावेगळे नाही. हिशेब तीन वर्षे जुन्या आकड्यांवर झाला तर १५ टक्क्यांची हमी प्रत्यक्षात चालू महसुलाच्या १०.७ टक्के उरते (१५ भागिले १.१२ चा घन). चार वर्षे जुन्या आकड्यांवर ९.५. कोणीही टक्क्याला हात लावलेला नाही, तरी जवळपास तिसरा हिस्सा गेला.

तरीही 'जुना पाया वाईटच' असे मी म्हणणार नाही. फिलिपिन्समध्ये कायद्यानेच तीन वर्षांपूर्वीची वसुली धरतात. त्याचा फायदा असा की नगरपालिकेला पुढच्या वर्षी किती मिळणार हे आधीच पक्के माहीत असते, आणि वसुली वर्षाच्या मध्येच घसरली तरी हप्ता कापला जात नाही. तोटा कसा होतो तेही तिथेच दिसले. महासाथीमुळे २०२० ची वसुली पडली, तिचा धक्का २०२३ मध्ये बसला. २०२२ मध्ये ९५९ अब्ज पेसो मिळाले होते, २०२३ मध्ये ८२० अब्ज. आदल्या वर्षीच्या वाढीव रकमेच्या भरवशावर ज्यांनी कायमस्वरूपी नोकरभरती केली असेल त्यांना पगार कुठून द्यायचा?

यावर उपाय साधा आहे आणि लेखा विभागातल्या कोणालाही माहीत असतो. हप्ता अंदाजावर द्यायचा, प्रत्यक्ष आकडे आले की फरक चुकता करायचा, आणि फरक उलटा आला तर वसुली दोन-तीन वर्षांत पसरायची. मात्र 'फरक किती दिवसांत' हे घटनेत लिहिले नाही तर तो फरक कधीच निघत नाही.

---

गणपूर्ती

उपकलम, पायाबद्दल सहमत. टक्का कायद्यावर सोडण्याबद्दल पूर्ण असहमत.

टक्का घटनेत नसला की काय होते याचे उदाहरण तुमच्या यादीतल्याच देशात आहे. भारताच्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९३ पासून लागू) कलम २४३-आय आणि २४३-वाय प्रमाणे दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमणे बंधनकारक केले. पद्धत घटनेत, आकडा नाही. झाले काय? अनेक राज्यांत आयोग उशिरा नेमले गेले, अहवाल पडून राहिले, शिफारशींवर काय कार्यवाही केली याचे निवेदन सभागृहात ठेवले की घटनेची अट पूर्ण. शिफारस फेटाळायला कारण द्यावे लागत नाही. मग तुमची 'पद्धत घटनेत' ही कल्पना एवढ्यावरच अडली ना?

याउलट केनियात १५ टक्क्यांचा तळ असल्यामुळे अर्थ खाते त्याखाली जाऊच शकत नाही, आणि राजकीय वाद वरच्या दिशेने होतो. दुरुस्तीच्या ज्या प्रस्तावाला न्यायालयांनी २०२१-२२ मध्ये अटकाव केला त्यात हा वाटा ३५ टक्के करायचा होता. बोलिव्हियाने १९९४ मध्ये २० टक्के महसूल लोकसंख्येच्या प्रमाणात नगरपालिकांना देण्याचे ठरवले. ज्या ग्रामीण पालिकांकडे त्याआधी केंद्रातून जवळपास काहीच येत नव्हते त्यांना पहिल्यांदा स्वतःचे अंदाजपत्रक करता आले. ते झाले कारण आकडा होता.

किमान टक्का घटनेतच हवा. कमाल कायद्याने ठरवा.

---

उपकलम

राज्य वित्त आयोगांबद्दल तुमचे बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. तिथे पद्धत अर्धी लिहिली. आयोग नेमा म्हटले; नेमला नाही तर काय होईल, शिफारस अमुक दिवसांत नाकारली नाही तर काय, हे लिहिले नाही. माझ्या यादीतली चौथी गोष्ट तिथे नाहीच. तरी तळ घटनेत असावा हे मान्य करतो. धाग्याच्या शेवटी मसुदा मांडायचा विचार आहे, त्यात घेईन.

---

महालेखा

एकदा आकडे घटनेत घालायला लागले की थांबता येत नाही, ही भीती कोणी मांडलेली दिसत नाही.

ब्राझीलची १९८८ ची घटना बघा. शिक्षणासाठी संघराज्याने कर उत्पन्नाच्या १८ टक्के, राज्ये आणि नगरपालिकांनी २५ टक्के. आरोग्यासाठी पुढे राज्यांना १२ आणि नगरपालिकांना १५ टक्के. पेन्शनचे नियमही घटनेतच. परिणाम असा की बहुतेक मोठा आर्थिक बदल म्हणजे घटनादुरुस्ती. आजवर शंभराहून जास्त दुरुस्त्या झाल्या. जो कागद सगळ्यांत स्थिर हवा तो दरवर्षी उघडावा लागतो आणि प्रत्येक उघडण्याची राजकीय किंमत मोजावी लागते.

इंडोनेशियाच्या घटनेत कलम ३१ प्रमाणे अंदाजपत्रकाचे २० टक्के शिक्षणाला द्यायचे आहेत. सुरुवातीला यात शिक्षकांचे पगार धरत नव्हते आणि सरकारला २० टक्के गाठताच येईनात. २००८ मध्ये घटना न्यायालयाने पगार धरायचे ठरवले आणि पुढच्या अंदाजपत्रकात २० टक्के 'पूर्ण' झाले. शाळेत पोचलेला पैसा त्याच प्रमाणात वाढला असे मानायचे कारण नाही. खर्चाचे शीर्षक बदलले. राखीव टक्क्याचे असेच होते. वर्षअखेरीस खर्च दाखवण्यासाठी घाई, दुसऱ्या खात्याचा खर्च याच शीर्षाखाली ढकलणे, आणि ज्या जिल्ह्यात मुले कमी आणि वृद्ध जास्त तिथेही तेवढेच टक्के.

कोलंबियाचा अनुभव मला सगळ्यांत शिकवणारा वाटतो. १९९१ च्या घटनेने प्रांत-पालिकांचा वाटा केंद्राच्या चालू महसुलाला बांधला. केंद्राने तूट कमी करायला कर वाढवला की त्याचा मोठा भाग खाली जायचा, जबाबदाऱ्या मात्र नीट हस्तांतरित झाल्या नव्हत्या. म्हणजे केंद्राकडे खर्चही राहिला आणि पैसाही गेला. १९९९ च्या मंदीनंतर २००१ मध्ये घटनादुरुस्तीने ही गाठ सोडली, वाटा महागाई अधिक ठरावीक वाढ असा केला. मग चालू महसुलातला वाटा घटत गेला आणि २०२४ च्या शेवटी पुन्हा दुरुस्ती करून तो १२ वर्षांत ३९.५ टक्क्यांपर्यंत न्यायचे ठरले, पण आधी कोणते काम कोणाचे हे ठरवणारा कायदा झाला पाहिजे या अटीवर. ही अट १९९१ लाच असती तर पुढच्या या दोन दुरुस्त्या टळल्या असत्या.

---

रानवाट

परकीय मालकीच्या आकड्याबद्दल थोडक्यात. फिलिपिन्सच्या घटनेत ६०-४० चा नियम आहे: सार्वजनिक उपयोगिता सेवा आणि नैसर्गिक साधनसंपत्तीत किमान ६० टक्के मालकी देशी. घटना बदलायला संसदेच्या तीन चतुर्थांश सदस्यांची मते लागतात, आणि दोन्ही सभागृहांनी एकत्र मत द्यायचे की वेगवेगळे, यावरच वर्षानुवर्षे वाद आहे. ती दुरुस्ती होत नाही असे दिसल्यावर २०२२ मध्ये साध्या कायद्याने 'सार्वजनिक उपयोगिता सेवा' म्हणजे काय हेच आखडते घेतले. वीजवितरण, वीजपारेषण, पाण्याच्या आणि तेलाच्या वाहिन्या, बंदरे, प्रवासी वाहने यादीत राहिली. दूरसंचार, रेल्वे, विमानसेवा बाहेर गेली. घटनेतला ६० चा आकडा जागच्या जागी आहे.

इथेही धाग्याचाच मुद्दा: शब्द ज्याच्या हातात, आकडा त्याच्या हातात. फक्त यावेळी व्याख्या सैल ठेवल्याचा फायदा सुधारणा मागणाऱ्यांना झाला. जमिनीच्या मालकीबाबत मात्र मी घटनेतला निर्बंध समजू शकतो. एकदा गेलेली जमीन परत आणणारा कायदा करणे जवळपास अशक्य असते, दूरसंचार परवान्याचे तसे नाही.

---

चावडी

पायापेक्षाही मोठी गळती पैशाच्या मार्गात आहे.

नायजेरियाच्या १९९९ च्या घटनेत कलम १६२ आहे. संघीय खात्यातला स्थानिक सरकारांचा वाटा थेट त्यांच्याकडे जात नाही, तो 'राज्य-स्थानिक संयुक्त खात्या'त जातो. ते खाते चालवते राज्य. ७७४ स्थानिक सरकारांचा पैसा गव्हर्नरच्या सहीतून जाणार, हे घटनेनेच ठरवून दिले. तिथे तो अडवला जाई, किंवा निवडून आलेली परिषद बरखास्त करून नेमलेल्या माणसांकडून खर्च होई. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसा थेट द्या असा निकाल दिला. घटनेतला शब्द तोच आहे, त्यामुळे अंमलबजावणीत ओढाताण सुरूच राहते.

घानाच्या घटनेत कलम २५२ प्रमाणे एकूण महसुलाच्या किमान ५ टक्के जिल्हा निधी, तिमाही हप्त्यांनी. हप्ता थकला तर व्याज नाही, दंड नाही. थकबाकी कित्येक तिमाह्यांची होते आणि रस्त्याचा ठेकेदार काम अर्धवट सोडतो. वर २०१७ च्या कायद्याने सगळ्या राखीव निधींना मिळून कर महसुलाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली, म्हणजे घटनेतल्या निधीलाही कायद्याच्या टोपीखाली आणले.

उलट दक्षिण आफ्रिकेच्या घटनेतले कलम २१६ पाहा. प्रांताचा पैसा थांबवायचा असेल तर अर्थ खात्याला गंभीर किंवा सतत नियमभंग दाखवावा लागतो. थांबवता येतो कमाल १२० दिवस. निर्णयाला ३० दिवसांत संसदेची मंजुरी मिळाली नाही तर तो मुळापासून रद्द. मंजुरी देण्याआधी किंवा मुदत वाढवण्याआधी महालेखापरीक्षकाचा अहवाल आणि प्रांताला उत्तर देण्याची संधी. घटनेत 'पद्धत' लिहायची म्हणजे अशी: कोण, कशासाठी, किती दिवस, आणि मुदत संपली तर काय.

---

गणपूर्ती

चावडी, २१६ चे उदाहरण उत्तम. मग 'एकमत झाले नाही तर काय' याबद्दल पाकिस्तानचा धडा जोडायला हवा, कारण चुकीचा तोडगा लिहिला तर तो काहीच न लिहिण्यापेक्षा त्रासदायक ठरतो.

सातव्या राष्ट्रीय वित्त निवाड्याने (केंद्र आणि प्रांतांतल्या महसूल वाटणीचा ठराव, २०१० पासून लागू) प्रांतांचा वाटा ५७.५ टक्के केला. त्याच वर्षीच्या अठराव्या दुरुस्तीने कलम १६० मध्ये ३-ए घातले: प्रांतांचा वाटा आधीच्या निवाड्यापेक्षा कमी होणार नाही. प्रांतांचे संरक्षण म्हणून हेतू चांगला. पण नवा निवाडा पाच वर्षांनी व्हायचा तो झालाच नाही, सातवाच वाढवत नेला. चर्चा फसली तर प्रांतांचे काहीच जात नाही, म्हणून त्यांना तडजोडीची घाई नाही. केंद्राला वाटा कमी करता येत नाही, म्हणून तेही जबाबदाऱ्यांचा विषय बाजूला ठेवून दुसरीकडून पैसा काढायच्या मागे लागते. दोन्ही बाजूंना टेबलावर बसवणारा दाबच उरला नाही.

त्याच निवाड्यात प्रांतांमधल्या वाटणीत लोकसंख्येला ८२ टक्के वजन आहे, गरिबीला १०.३. इतके वजन एका आकड्याला दिले की जनगणनाच वादात सापडते. फिलिपिन्समध्ये लोकसंख्या ५०, क्षेत्रफळ २५, समान वाटणी २५ असे आहे. परिपूर्ण नाही, पण कोणा एका आकड्यासाठी भांडण करण्यात फारसा फायदा नाही.

---

जबाबदारी_आधी

काम आणि माणसे यांच्याशिवाय नुसता पैसा, यावर कोलंबियाच्या निमित्ताने स्पर्श झाला. क्रम चुकला तर काय होते ते जरा विस्ताराने.

इंडोनेशियाने १९९९ च्या दोन कायद्यांनी (२२ आणि २५) विकेंद्रीकरण ठरवले आणि १ जानेवारी २००१ ला एकदम लागू केले. वीस लाखांहून जास्त सरकारी नोकर जिल्ह्यांकडे वर्ग झाले. हे कोसळले नाही याचे एक कारण म्हणजे पगाराचा पैसा माणसांबरोबर गेला. केंद्राकडून मिळणारा सर्वसाधारण वाटप निधी देशांतर्गत महसुलाच्या किमान २५ टक्के होता, २००४ च्या कायद्याने तो २६ करायचे ठरवले. पण सूत्रात पगारखर्च भरून देण्याची तरतूद राहिली. म्हणजे जितके नोकर जास्त तितका निधी जास्त, आणि जिल्हा फोडला की नवे मुख्यालय, नव्या जागा, नवा निधी. तीनशेच्या आसपास असलेले जिल्हे पाचशेच्या वर गेले. सूत्रात बक्षीस कशाला ठेवले आहे हे मसुदा लिहिणाऱ्याने स्वतः जिल्हाप्रमुख असल्यासारखे वाचून पाहावे.

केनियात घटनेच्या सहाव्या अनुसूचीत तीन वर्षांचे टप्प्याटप्प्याने हस्तांतरण होते. काउंटी सरकारे मार्च २०१३ च्या निवडणुकीनंतर आली आणि ऑगस्टमध्ये बहुतेक कामे एकदम सुपूर्द झाली. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारपत्रकाची, बढतीची, पेन्शनची घडी बसायच्या आत ते काउंट्यांचे नोकर झाले. त्यानंतरचे डॉक्टर-परिचारिकांचे संप अंशतः यातूनच आले.

क्रम माझ्या मते असा असावा. आधी कामांची यादी, प्रत्येक कामाला एकच जबाबदार पातळी. मग त्या कामाचा चालू खर्च मोजायचा: पगार, औषधे, इंधन, दुरुस्ती, वेगवेगळे. मग पगारपत्रक हलवायचे आणि तीन महिने दोन्हीकडे समांतर चालवून ताळा घ्यायचा. पैशाचे सूत्र सगळ्यांत शेवटी. राजकारणात नेमका उलटा क्रम होतो, कारण सूत्राची घोषणा एका दिवसात करता येते.

नेपाळने एक गोष्ट नेटकी केली. २०१५ च्या घटनेतच संघीय अंदाजपत्रकाची तारीख आहे, जेठ १५. कायद्याने प्रांतांचे असार १ ला आणि ७५३ स्थानिक पातळ्यांचे असार १० पर्यंत. वरून किती येणार हे कळल्यावरच खालचे अंदाजपत्रक मांडले जाते. व्हॅट आणि अंतर्गत अबकारीची वाटणी ७०-१५-१५, तीही कायद्यात. तारीख घटनेत आणि टक्का कायद्यात, म्हणजे उपकलम यांच्या मूळ मांडणीसारखे.

---

ताळेबंद

वर सगळे वाटणीबद्दल बोलत आहेत. वाटायला काही उरेल का, हा अर्धा विषय राहूनच जातो.

श्रीलंकेने २००३ मध्ये वित्तीय जबाबदारी कायदा केला: तूट २००६ अखेर जीडीपीच्या ५ टक्क्यांवर आणायची. मुदत आली की लक्ष्य पुढे ढकलायचे, असे होत राहिले. डिसेंबर २०१९ मध्ये व्हॅट १५ वरून ८ टक्के झाला आणि नोंदणीची उलाढाल मर्यादा वर्षाला १ कोटी २० लाख रुपयांवरून ३० कोटींवर गेली. इतका मोठा निर्णय झाला तेव्हा महसुलावर काय परिणाम होईल हे स्वतंत्रपणे मोजून संसदेसमोर ठेवायला कोणी बांधील नव्हते. एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जफेड थांबली. त्यानंतरचे कायदे जास्त नेमके आहेत: २०२३ च्या कायद्याने मध्यवर्ती बँकेला सरकारी रोखे थेट सरकारकडून घ्यायला मनाई, २०२४ च्या कायद्याने व्याजाव्यतिरिक्तचा खर्च जीडीपीच्या १३ टक्क्यांपर्यंत.

चिलीचा सरकारी खर्चाचा नियम २००१ पासून आधी केवळ धोरण म्हणून चालला, २००६ मध्ये कायद्यात आला, घटनेत नव्हता. त्याचे बळ एका रचनेत आहे. तांब्याचा दीर्घकालीन भाव अर्थमंत्री ठरवत नाहीत, स्वतंत्र तज्ज्ञ ठरवतात, आणि खर्च त्या भावाने येणाऱ्या महसुलावर बेततात. भाव वर गेला की जादा पैसा निधीत. उलट ब्राझीलने २०१६ मध्ये खर्चाची २० वर्षांची मर्यादा थेट घटनेत घातली आणि सात वर्षांत ती बदलून साध्या (पूरक) कायद्यातला नियम आणावा लागला.

ब्राझीलचाच २००० चा वित्तीय जबाबदारी कायदा मला जास्त उपयोगी वाटतो. राज्ये आणि पालिकांचा कर्मचारी खर्च निव्वळ चालू महसुलाच्या ६० टक्क्यांपर्यंत. मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर पोचले की नवी भरती आणि पगारवाढ बंद. मर्यादा ओलांडली तर आठ महिन्यांत खाली, त्यातला किमान एक तृतीयांश पहिल्या चार महिन्यांत. धोक्याची घंटा आधी वाजते, हे त्यातले मर्म. तरी काही राज्यांनी निवृत्तांचा खर्च 'कर्मचारी खर्चा'त धरला नाही, आणि तिथल्या लेखा न्यायाधिकरणांनी ते चालू दिले. पुन्हा व्याख्या.

---

रानवाट

स्वतःच्या करांबद्दल एक उदाहरण, कारण नुसत्या वाटपावर जगणाऱ्या पालिकेला मतदार हिशेब विचारत नाहीत. सिएरा लिओनच्या फ्रीटाउनने २०१९ पासून मालमत्ता कराची नवी पद्धत बसवली. उपग्रह छायाचित्रांवरून इमारती मोजायच्या, मग छप्पर, भिंती, रस्त्याची सोय, परिसर यांना गुण द्यायचे आणि गुणांवरून कर. बाजारभावाची नोंद जिथे मिळत नाही तिथे हे चालते, मूल्यांकन अधिकारी कमी लागतात, आणि घरमालकाला आपले गुण तपासता येतात. नोंदवहीतली घरे दुपटीहून वाढली. २०२० मध्ये केंद्रीय मंत्रालयाने ही आकारणी थांबवली आणि ती पुन्हा सुरू व्हायला बराच काळ गेला.

कर लावण्याचा अधिकार साध्या कायद्यात असला की एका पत्राने थांबतो. मसुद्यात याचीही जागा करा.

---

उपकलम

सगळ्यांचे मुद्दे घेऊन मसुदा. आकडे चर्चेसाठी आहेत.

(१) विभाज्य महसूल म्हणजे केंद्राने किंवा त्याच्या कोणत्याही संस्थेने गोळा केलेले सर्व कर, उपकर, अधिभार, सीमाशुल्क आणि खनिजांचे स्वामित्वधन (रॉयल्टी). यातून फक्त करदात्यांना दिलेले परतावे वजा होतील. ही व्याख्या कायद्याने आखडता येणार नाही.

(२) स्थानिक सरकारांचा वाटा कायद्याने ठरेल, पण १५ टक्क्यांपेक्षा कमी नसेल. चालू वर्षाच्या अंदाजावर १२ समान हप्ते, दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, मध्यवर्ती बँकेतून थेट स्थानिक सरकारच्या खात्यात.

(३) वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत लेखापरीक्षण. पुढच्या ९० दिवसांत फरक चुकता. जास्त गेलेली रक्कम कोणत्याही हप्त्याच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त कापून वसूल करता येणार नाही.

(४) वित्त आयोगाची शिफारस १२० दिवसांत कारणासह फेटाळली नाही तर ती लागू झाली असे समजले जाईल.

(५) हप्ता थांबवण्याची पद्धत दक्षिण आफ्रिकेच्या कलम २१६ प्रमाणे. थकलेल्या हप्त्यावर सरकारी रोख्यांच्या दराने व्याज.

(६) मालमत्ता कराचा दर आणि आकारणी स्थानिक सरकारची. केंद्राचा हस्तक्षेप केवळ न्यायालयामार्फत.

(७) कामाची जबाबदारी आणि त्याचे पगारपत्रक खर्चाच्या मोजणीशिवाय हलवता येणार नाही.

---

महालेखा

(३) मध्ये मोठे भोक आहे. लेखापरीक्षण नऊ महिन्यांत झाले नाही तर? केनियाची अडचण नेमकी तीच होती. 'अलेखापरीक्षित आकडे अंतिम मानून फरक चुकता होईल' एवढे वाक्य घाला.

(१) मध्ये परताव्यांबरोबर करसवलतींचाही विचार हवा. केंद्राने एखाद्या उद्योगाला दहा वर्षांची करमाफी दिली तर त्यातला १५ टक्के भार स्थानिक सरकारे न विचारता उचलतात. निदान प्रत्येक सवलतीची रक्कम अंदाजपत्रकाबरोबर जाहीर करणे बंधनकारक करा.

---

चावडी

आणि 'कोणत्याही संस्थेने गोळा केलेले' यात सरकारी तेल कंपनी येते का, हे स्पष्ट लिहा. नायजेरियात तेलाचा पैसा राष्ट्रीय तेल कंपनीच्या कपाती होऊन मग संघीय खात्यात येत असे, वाटणी उरलेल्याची. 'खर्च वजा होण्यापूर्वी' हे तीन शब्द (१) मध्ये लागतील, नाहीतर कंपनीचा खर्च हाच नवा उपकर होईल.

---

उपकलम

तिन्ही दुरुस्त्या घेतल्या. (१) मध्ये 'संस्थेने' नंतर 'किंवा सरकारी मालकीच्या कंपनीने, स्वतःचा खर्च वजा होण्यापूर्वी' असे वाचावे. करसवलतींचे प्रकटन (१) मध्येच, आणि (३) च्या शेवटी महालेखा यांचे वाक्य. (४) बाबत गणपूर्ती यांचे मत हवे आहे: शिफारस आपोआप लागू होत असेल तर आयोगाचे सदस्य कोणी नेमायचे, हा वाद आता तिथे सरकेल.